प्रोस्टेट कॅन्सरच्या उपचारानंतर लघवीवरचा ताबा : चौदा महिन्यांचा हिशेब

बालाघाटचा_मास्तर | सोमवार, सकाळी ६.४०

या विषयावर लिहावे की नाही, हे ठरवण्यात माझे तीन महिने गेले. कॅन्सर झाल्याचे मी भावकीत, शाळेतल्या जुन्या सहकाऱ्यांत, संध्याकाळी पारावर बसणाऱ्या मंडळींत मोकळेपणाने सांगितले. लघवी गळते, हे मात्र पत्नी आणि डॉक्टर यांच्याखेरीज तिसऱ्या माणसाला आजवर सांगता आलेले नाही.

माझे वय ६७ असून मी निवृत्त शिक्षक आहे आणि अंबाजोगाई तालुक्यात राहतो. गेल्या वर्षी चैत्रात प्रोस्टेट (पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी) पूर्ण काढून टाकण्याची शस्त्रक्रिया झाली. तेव्हा पीएसए (या रोगाचा अंदाज देणारा रक्तातला आकडा) ११ होता, आता तो ०.०१ च्या आत आहे. त्यामुळे रोगाच्या बाजूने माझी काही तक्रार नाही. लघवीची नळी बाराव्या दिवशी काढली. नळी काढून मी खाटेवरून उभा राहिलो आणि दोन्ही पायांवरून लघवी वाहत थेट चपलेत गेली. मी ओशाळून काहीतरी बोललो, तर परिचारिका सहजपणे म्हणाली, "होतं काका, डायपर आणलंय का?" आम्ही काहीच आणले नव्हते, कारण असे होईल हे आम्हाला कोणी तोंडाने सांगितलेच नव्हते. सही घेतलेल्या कागदावर तसा उल्लेख एका ओळीत होता, तो मी घरी आल्यावर वाचला. मुलांना आयुष्यभर "प्रश्नपत्रिका नीट वाचा" असे बजावणाऱ्या माणसाने स्वतः मात्र न वाचता सही केली, ही चूक माझीच.

दुसरी चूक याहून महागात पडली. लघवी गळते तर पाणीच कमी प्यावे, असा सोपा हिशेब मी केला. वैशाखात परळीला भाच्याचे लग्न होते. सकाळपासून दोन पेले पाण्यावर मी मांडवात दिवस काढला, ऊन बेचाळिसाच्या पुढे होते. तिसऱ्या दिवशी लघवीला आग, थंडी वाजून ताप आणि मग चार दिवस सलाईन. डॉक्टरांनी समजावले की घट्ट झालेली लघवी मूत्राशयाला झोंबते, त्यामुळे लघवीची कळ वारंवार येते, आणि पाणी कमी पडले की जंतुसंसर्गाला वाव मिळतो. म्हणजे जे टाळण्यासाठी पाणी सोडले, तेच पदरात पडले. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात हा प्रयोग कोणी करू नये.

त्यानंतर मी वही घातली. किती वाजता लघवीला गेलो, किती प्यालो, केव्हा गळले, याच्या नोंदी ठेवल्या. शिवाय एक छोटा इलेक्ट्रॉनिक काटा घेतला (स्वयंपाकघरातला वापरू द्यायला पत्नीने साफ नकार दिला, आणि तो रास्तच होता). कोऱ्या पॅडचे वजन आधी करायचे, वापरलेल्याचे नंतर. जितके ग्रॅम वाढले तितके मिलिलिटर गळले असे धरायचे. तिसऱ्या महिन्यात चोवीस तासांत ६४० ग्रॅम भरत होते, सहाव्यात ३१० आणि आता १५०. गेले चार महिने आकडा तिथेच अडला आहे. सकाळी जवळजवळ कोरडे असते, पण दुपारनंतर गळती वाढत जाते. मांडी घालून जेवायला बसलो आणि उठलो की हमखास गळते.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. चौदा महिन्यांनंतर यात आणखी सुधारणा होते का? कृत्रिम झडप बसवतात असे ऐकले आहे, त्याची कोणाला माहिती आहे का? आणि प्रवासात आपण काय करता?

गोदाकाठ | सोमवार, दुपारी १.१५

गुरुजी, आपण लिहिलेत हे फार बरे झाले. माझे वडील ७४ वर्षांचे आहेत, आम्ही नांदेडला असतो. त्यांची शस्त्रक्रिया झाली नाही. त्यांना शेक (रेडिएशन) दिले, आणि सोबत हार्मोनचे इंजेक्शन दर तीन महिन्यांनी चालू होते. त्यामुळे त्यांचा त्रास आपल्यापेक्षा वेगळा आहे. खोकला किंवा उठबस यांनी त्यांची लघवी गळत नाही. त्यांना अचानक कळ येते आणि संडासाच्या दारापर्यंत पोचेस्तोवर धीर धरवत नाही. शेक चालू असताना आणि पुढे महिना दीड महिना लघवीला आग होत होती, रात्री सहा-सहा वेळा उठावे लागत होते. ते हळूहळू दोनवर आले आणि आम्ही निश्चिंत झालो.

मग शेक संपून दोन वर्षे होत आली असताना एके सकाळी लघवी पूर्ण लाल आली. वडिलांनी ती गोष्ट दोन दिवस लपवली. बीट खाल्ले असेल, असे स्वतःला समजावत राहिले. तिसऱ्या दिवशी गुठळ्या अडकून लघवी तुंबली आणि रात्री अकराला रुग्णालय गाठावे लागले. दुर्बिणीने तपासल्यावर कळले की शेकामुळे मूत्राशयाच्या आतल्या आवरणातील बारीक रक्तवाहिन्या नाजूक होतात आणि महिन्यांनी, कधी वर्षांनीही त्यांतून रक्त येऊ शकते. वडिलांना हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू होती, तिने भर घातली. ज्यांनी शेक घेतले आहेत त्यांनी लघवीतले रक्त एकदा दिसले तरी त्याच दिवशी सांगावे, एवढीच विनंती. कारण साधे निघेल किंवा न निघेल, पण ते ठरवणे घरातल्या माणसांचे काम नव्हे.

देवगिरी_मूत्ररोग | सोमवार, रात्री १०.०५

गुरुजी, मी मूत्ररोग विभागात काम करतो. आपले कागद मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे हे सर्वसाधारण माहिती म्हणून वाचावे.

पुरुषाच्या लघवीच्या मार्गावर दोन बंद असतात. वरचा मूत्राशयाच्या तोंडाशी, प्रोस्टेटला लागूनच असतो आणि आपल्या नकळत सतत आवळलेला राहतो. खालचा प्रोस्टेटच्या खाली असतो, त्याला आपण इच्छेने आवळू शकतो. प्रोस्टेट काढताना वरचा बंद बहुतांशी जातो. मग मूत्राशयाचे तोंड खाली आणून मूत्रनलिकेला शिवले जाते आणि नळी ठेवतात ती हा टाका भरून येण्यासाठी. आजवर दोन बैलांनी ओढलेले औत त्या दिवसापासून एकाच बैलाच्या मानेवर येते. तो सकाळी ताजा असतो आणि दुपारनंतर थकतो, आपली सकाळ कोरडी जाण्याचे कारण हेच आहे. उठताना, खोकताना, वजन उचलताना पोटातला दाब अचानक वाढतो आणि त्याचा ताबा सुटतो.

सुधारणेचा मोठा भाग पहिल्या सहा ते बारा महिन्यांत होतो. त्यानंतर ती थांबतेच असे नाही, पण वेग मंदावतो. म्हणून आता नुसती वाट पाहण्यापेक्षा तपासणी करून घेणे बरे. पहिला प्रश्न असा की लघवीची धार कशी आहे? ती बारीक झाली असेल, जोर करावा लागत असेल, तर शिवलेल्या जागी व्रण आखडून मार्ग अरुंद झालेला असू शकतो. अशा वेळी मूत्राशय पूर्ण रिकामे होत नाही आणि भरून वाहिल्यासारखे थेंब गळत राहतात. तिथे व्यायामाचा उपयोग नसतो, मार्ग मोकळा करावा लागतो. दुसरा प्रश्न, गळण्यापूर्वी कळ येते का? येत असेल तर मूत्राशय स्वतःच अवेळी आकुंचन पावते आहे, आणि त्यासाठी सोलिफेनासिन किंवा मिराबेग्रॉन अशी औषधे आहेत. पहिल्याने तोंड कोरडे पडते व बद्धकोष्ठ होतो, दुसऱ्यात रक्तदाबावर लक्ष ठेवावे लागते, म्हणून ती विचारल्याशिवाय घेऊ नयेत. गोदाकाठ यांनी वडिलांसाठी हे जरूर विचारावे.

आणखी एक गोष्ट बहुतेक जण सांगायची विसरतात. मधुमेहासाठी डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू आहे का? ही औषधे साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, त्यामुळे लघवीचे प्रमाणच वाढते. ती आपल्या मनाने बंद करू नयेत, पण गळतीची गोष्ट मधुमेहाच्या डॉक्टरांच्या कानावर घालावी. तसेच जुना खोकला. विडी ओढणाऱ्याची गळती थांबवणे हे चाळणीत पाणी भरण्यासारखे आहे.

व्यायामाविषयी. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचा हा व्यायाम अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये बाळंतपणानंतर लघवी गळणाऱ्या स्त्रियांसाठी मांडला. पुरुषांना तो नंतर लागू झाला. चारचौघांत वायू अडवताना जो स्नायू आपण आवळतो तोच हा. तो पाच ते दहा सेकंद आवळून तितकाच वेळ पूर्ण सैल सोडायचा, असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास रोखायचा नाही. लघवी करताना मध्येच धार थांबवून रोज सराव करू नये. ओळख पटवण्यासाठी एखाद्या वेळेस ठीक. आणि सर्वांत उपयोगी भाग असा की उठण्यापूर्वी, शिंक येण्यापूर्वी क्षणभर आधी आवळायला शिकायचे. आपण हा व्यायाम कोणाकडून शिकलात?

बालाघाटचा_मास्तर | मंगळवार, सकाळी ६.१०

डॉक्टरसाहेब, एका छापील पत्रकावरून शिकलो. कोणी हात लावून किंवा बघून तपासलेले नाही. धार चांगली आहे. मधुमेह नाही. तंबाखू होती, ती कॅन्सरचे निदान झाले त्या दिवशी सुटली.

मोंढा_नाका | मंगळवार, सकाळी ११.३०

गुरुजी, आमच्याकडे लघवीच्या तक्रारीवर गोखरूचा काढा देतात. माझ्या चुलत्यांना त्याने पुष्कळ फरक पडला होता. करून पाहण्यास हरकत नसावी.

देवगिरी_मूत्ररोग | मंगळवार, रात्री ९.५०

गोखरू परंपरेने लघवी साफ होण्यासाठी, म्हणजे वाढवण्यासाठी देतात. चुलत्यांची तक्रार बहुधा अडण्याची असावी. इथे तक्रार नेमकी उलटी आहे.

अंगणवेल | बुधवार, दुपारी ३.२०

मी रुग्ण नाही, रुग्णाची पत्नी आहे. आम्ही परभणी जिल्ह्यातले. यजमानांच्या शस्त्रक्रियेला तीन वर्षे झाली. गुरुजींनी काट्याचा उल्लेख केला म्हणून मला लिहावेसे वाटले, कारण या आजारात वजन न करता येणारे पुष्कळ काही घरातल्या बाईच्या वाट्याला येते.

पहिले सहा महिने आमचे हे स्वतःचे अंथरूण पहाटे उठून स्वतःच धुवून टाकायचे, मला कळू नये म्हणून. दोरीवर ओली चादर आणि खाली हे हौदाजवळ पाठमोरे उभे, हे मी खिडकीतून पाहत असे आणि पाहिले नाही असे दाखवत असे. लेकीच्या घरी मुक्कामाला जाणे बंद झाले. हुरड्याला शेतावर जाणे बंद झाले. खोलीही वेगळी केली. शस्त्रक्रियेने नवरा-बायकोच्या नात्यातल्या इतर गोष्टींवरही परिणाम होतो, ते डॉक्टर निदान कुजबुजत तरी सांगतात. पण वास येईल या भीतीने माणूस शेजारीसुद्धा बसत नाही, हे कोणी सांगत नाही.

कामाचे सांगते. तालुक्याच्या औषधांच्या दुकानात पॅड मागितले की बायकांचे देतात नाहीतर मोठ्यांचे डायपर देतात. पुरुषांसाठी पुढच्या बाजूला जाड असलेले पॅड येतात, ते ऑनलाइन मागवावे लागतात आणि रोजचा खर्च परवडत नाही. शस्त्रक्रिया सरकारी योजनेत झाली तरी पॅड खिशातूनच घ्यावे लागतात. म्हणून मी जुन्या धोतराचे पान फाडून घड्या शिवल्या. यांना धोतराची सवय, आणि धोतरात पॅड जागेवर राहत नाही. शेवटी उपाय निघाला तो आमच्या सासऱ्यांच्या ट्रंकेतून : लंगोट. घट्ट बसतो, घडी सरकत नाही, आणि कुस्ती केलेल्या माणसाला त्यात लाज वाटत नाही. जांघेत चट्टे उठले होते, तेव्हा प्रत्येक वेळी साध्या पाण्याने धुवून, टिपून, पूर्ण कोरडे करून झिंक ऑक्साइडचे मलम लावले की आठवड्यात बरे होत. पावडर लावू नका, ओलीने तिचा लगदा होतो आणि कातडी आणखी सोलते.

किलेअर्क | बुधवार, रात्री ११.००

ताईंनी लिहिले ते वाचून मला माझे अब्बा आठवले. शस्त्रक्रियेनंतर त्यांनी जुम्म्याला मशिदीत जाणे सोडले होते. कपडे पाक राहत नाहीत, वजू (नमाजाआधी हातपाय-तोंड धुऊन होणारी शुद्धी) टिकत नाही, या विचाराने ते घरातच खंगत चालले होते. शेवटी मोहल्ल्यातल्या मौलानांनी समजावले की ज्याची लघवी थांबत नाही तो माजूर, म्हणजे सवलतीला पात्र, ठरतो. त्याने प्रत्येक नमाजाच्या वेळेला नवा वजू करावा, त्या वेळेपुरता तो पुरतो. ही सवलत शेकडो वर्षांपासून किताबांत आहे, अब्बांनाही ती माहीत होती, पण स्वतःवर वेळ आल्यावर आठवली नाही. माझ्या हिंदू मित्राच्या वडिलांनी सोवळ्याच्या कारणाने याच काळात देवपूजा सोडली होती, हेही जाता जाता नोंदवतो.

प्रवासासाठी अब्बा दोन गोष्टी वापरतात. मुंबईला तपासणीला जाताना रात्रीच्या देवगिरी एक्स्प्रेसमध्ये कंडोम कॅथेटर (इंद्रियावर बाहेरून चढवायची, नळी जोडलेली पिशवी) लावून मांडीला पिशवी बांधतात, वरून पायजमा असला की दिसत नाही. शहरातल्या शहरात तासाभराचे काम असेल तर लघवी अडवणारा चिमटा इंद्रियाला बाहेरून लावतात. चिमटा मात्र डॉक्टरांना दाखवून घ्यावा. दीड-दोन तासांच्या आत तो सोडावाच लागतो आणि झोपताना कधीही लावायचा नाही, नाहीतर त्या जागेचा रक्तपुरवठा अडतो.

सिंदफणा | गुरुवार, सकाळी ८.४५

हा धागा वाचून काळजी वाढली. माझ्या थोरल्या भावाचे वय ६२ असून त्याला नुकतेच निदान झाले आहे. गाठ प्रोस्टेटच्या आतच आहे, बाहेर पसरलेली नाही. शस्त्रक्रिया की शेक, हे पुढच्या आठवड्यात ठरवायचे आहे. एक डॉक्टर म्हणाले की सध्या काहीच न करता लक्ष ठेवता येईल, पण घरात सगळे म्हणतात की कॅन्सर अंगात ठेवून कोणी बसते का?

देवगिरी_मूत्ररोग | गुरुवार, रात्री १०.३०

नेमक्या याच प्रश्नावर ब्रिटनमध्ये प्रोटेक्ट नावाचा मोठा अभ्यास झाला. पीएसए तपासणीतून निदान झालेल्या, रोग प्रोस्टेटपुरता असलेल्या १,६४३ पुरुषांना लक्ष ठेवणे, शस्त्रक्रिया आणि शेक अशा तीन गटांत विभागले. १५ वर्षांचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा तिन्ही गट मिळून प्रोस्टेट कॅन्सरने ४५ जण, म्हणजे ३ टक्क्यांहून कमी, दगावले होते आणि गटागटांत त्याबाबत फारसा फरक नव्हता. लक्ष ठेवण्याच्या गटात रोग पसरण्याचे प्रमाण मात्र अधिक होते, आणि त्यांतल्या अनेकांनी पुढे उपचार घेतले.

फरक पडला तो जगण्याच्या प्रतीत. शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनी ४६ टक्के पुरुष पॅड वापरत होते, शेक घेतलेल्यांत ५ टक्के आणि लक्ष ठेवलेल्यांत ४ टक्के. सहा वर्षांनी हे आकडे अनुक्रमे १७, ४ आणि ८ असे होते. शेकाच्या गटात लघवीची आग आणि रात्रीचे उठणे सुरुवातीला वाढले आणि पुढे बरेचसे ओसरले, पण शौचाच्या तक्रारी त्यांच्यात अधिक राहिल्या.

हे आकडे तपासणीतून लवकर सापडलेल्या इंग्रज रुग्णांचे आहेत. आपल्याकडे रुग्ण बहुधा त्रास सुरू झाल्यावर, काही वेळा हाडांत रोग गेल्यावर येतो. त्याला हा हिशेब लागू नाही. आपल्या भावाचा ग्लीसन गुण (गाठीचा तुकडा तपासून ठरवलेली रोगाची तीव्रता), पीएसए आणि एमआरआय पाहूनच बोलता येईल. मात्र निर्णयापूर्वी त्यांनी डॉक्टरांना सरळ विचारावे : आपण केलेल्या शस्त्रक्रियांपैकी वर्षभरानंतर किती जणांना पॅड लागतात? चांगला शल्यविशारद या प्रश्नाने रागावत नाही.

सिंदफणा | शुक्रवार, सकाळी ७.२०

भावाला वाचून दाखवले. तो म्हणाला, "हा प्रश्न मीच विचारतो." आभारी आहे.

बालाघाटचा_मास्तर | सहा आठवड्यांनंतर, रविवार, सकाळी ६.५०

मधल्या काळात छत्रपती संभाजीनगरला जाऊन आलो. दुर्बिणीने पाहिले, मार्ग अरुंद झालेला नाही. मग त्यांनी फिजिओथेरपिस्टकडे पाठवले, आणि तिथे जे कळले ते सांगण्यासाठीच पुन्हा लिहितो आहे.

ती मुलगी माझ्या नातीपेक्षा फार मोठी नसेल. तिने मला उताणे झोपवले, गुडघे वाकवायला लावले, माझाच हात माझ्या बेंबीखाली ठेवला आणि म्हणाली, "आवळा." मी आवळले. माझ्याच हाताखाली पोट दगडासारखे कडक झाले. ती म्हणाली, "आजोबा, हे पोट आहे. तुम्ही वर्षभर पोटाचा आणि कुल्ल्यांचा व्यायाम केलात." पोट आवळले की मूत्राशयावर दाब पडतो, म्हणजे चौदा महिने मी दिवसातून तीन वेळा स्वतःच लघवी बाहेर ढकलत होतो. तिने सांगितले की पोट सैल ठेवून, इंद्रिय आत ओढल्यासारखे आणि अंडकोष वर उचलल्यासारखे करायचे. पहिले चार दिवस काहीच कळेना. पाचव्या दिवशी सापडले. फार लहान हालचाल आहे, पत्रकावरून ती कधीच समजली नसती. आज सहा आठवड्यांनी वजन ९५ ग्रॅम आहे.

कृत्रिम झडपेचीही चौकशी केली. अमेरिकेत ती १९७० च्या दशकापासून बसवली जाते. मूत्रनलिकेभोवती पाण्याने भरलेले कडे, पोटात एक फुगा आणि अंडकोषाच्या पिशवीत बटणासारखा पंप. पंप दाबला की कड्यातले पाणी फुग्यात जाते, लघवी होते आणि काही मिनिटांत कडे आपोआप पुन्हा भरते. खर्च लाखांत आहे, आणि काही वर्षांनी दुरुस्तीची किंवा बदलण्याची वेळ येऊ शकते. ती बसवलेल्या माणसाला पुढे कुठेही नळी घालायची झाल्यास आधी कडे मोकळे करून झडप निष्क्रिय करावी लागते, हे घरच्यांनी पाठ करून ठेवावे असे डॉक्टर म्हणाले. माझ्या प्रमाणाच्या गळतीसाठी जाळीची पट्टी बसवण्याचाही पर्याय आहे. मी आणखी सहा महिने व्यायाम करून मग ठरवणार आहे.

तिथे एक प्रश्नावली भरून घेतली. सात प्रश्न लघवीचे होते, आठवा असा : उरलेले आयुष्य लघवीच्या आजच्याच स्थितीत काढावे लागले, तर कसे वाटेल? "अत्यंत आनंद" पासून "भयंकर" पर्यंत खुणा होत्या. मागच्या वर्षी मी शेवटच्या खुणेवर बोट ठेवले असते. या वेळी मधल्या खुणेवर ठेवले. पत्नी शेजारी बसली होती, ती म्हणाली, "एक घर अलीकडे सरका, काल पाच पोळ्या खाल्ल्यात."

अंगणवेलताई, लंगोट शिवण्याचे माप कळवावे.

अंगणवेल | रविवार, दुपारी २.१०

गुरुजी, तयार लंगोट घेतला तरी चालतो, तालमीजवळच्या दुकानात मिळतो. घरी शिवायचा असेल तर कंबरेच्या मापाची नाडी आणि पुढून मागे जाऊन खोचता येईल इतकी लांब पट्टी, पुढे वीतभर रुंद आणि मागे निमुळती. पुढच्या भागाला आतून खिसा शिवा आणि घडी त्यात सरकवा, म्हणजे दर वेळी लंगोट बदलावा लागत नाही. कापड सुती घ्या आणि आधी धुवून मग कापा. मी पहिला न धुता शिवला होता, तो आटला आणि नातवाच्या पतंगाच्या शेपटीला गेला.